चित्राची मागची बाजू

एक चित्रकार असतो. त्याच्या आयुष्यात काहीतरी मोडलेलं असतं. बायको आजारी असते, किंवा गेलेली असते, किंवा चित्रं विकली जात नसतात, किंवा हे सगळंच एकदम. मग एका संध्याकाळी तो टेकडीवर जाऊन बसतो. आकाश केशरी होतं, केशरीचं जांभळं होतं, आणि त्याला दिलासा मिळतो. तो ते आकाश कॅनव्हासवर उतरवतो. आज आपण ते चित्र बघतो आणि आपल्यालाही दिलासा मिळतो. लेख संपतो.

हा लेख मी मराठीत निदान दहा वेळा वाचला आहे. दिवाळी अंकांत वाचला, रविवारच्या पुरवण्यांत वाचला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर लेखकाचं नाव गळालेल्या अवस्थेत वाचला. चित्रकार तेवढा बदलतो. कधी टर्नर असतो, कधी व्हॅन गॉग, कधी कॉन्स्टेबल. आकाश आणि दिलासा मात्र तेच. हा लेख लिहिणाऱ्यांबद्दल मला वैयक्तिक राग नाही, त्यांतल्या काहींचं बाकीचं लेखन मी आवडीने वाचते. पण हा लेख खोटा आहे असं माझं मत आहे. आणि तो निरुपद्रवी खोटा नाही, कारण तो आजारी माणसांच्या घरात जाऊन बोलतो.

तो आमच्या घरात आला तो असा. तीन वर्षांपूर्वी मी कंपनीतर्फे लंडनला होते. इकडे तासगावजवळ आमच्या गावी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस. सकाळी निघायचं, चार तास मशीनला, मग दमून गाडीत मागे आडवं होऊन घरी. भाऊ नेत होता, आई डबा करत होती, आणि मी साडेसात हजार किलोमीटरवर बसून एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले बग काढत होते. तेव्हाच कंपनीने ‘मनःस्वास्थ्य सप्ताह’ ठेवला. ऑनलाइन सत्र होतं. सांगणाऱ्या बाईंनी स्लाइड लावली: सूर्यास्ताचं तैलचित्र, आणि शेजारी लिहिलेलं की रोज संध्याकाळी पाच मिनिटं आकाशाकडे बघा. त्या म्हणाल्या, मोठमोठ्या चित्रकारांनी आपल्या दुःखावर हाच उपाय केला. मग त्यांनी आम्हाला खिडकीपाशी जायला सांगितलं. डिसेंबर होता, लंडनमध्ये चारच्या आत सूर्य बुडतो. मी खिडकीपाशी गेले. आकाश खरोखर सुंदर होतं. मला काहीही वाटलं नाही. म्हणजे वाटलं ते एवढंच, की तिकडे आता साडेनऊ वाजत आले, अण्णा जेवले असतील का, आणि जेवले असतील तर पाणी मोजून प्यायले असतील का.

सत्राच्या शेवटी एक फॉर्म आला. ‘तुम्हाला शांत वाटलं का?’ पर्याय एक ते पाच. मी चार भरलं. का भरलं, ते अजून मला नीट सांगता येत नाही. बहुधा असं वाटलं, की एक भरलं तर दोष माझ्यात निघेल. आकाश तर बरोबरच होतं.

माझी तक्रार इथून सुरू होते. ‘आकाश दिलासा देतं’ हे वाक्य वर्णन म्हणून सुरू होतं आणि बघता बघता ते औषधाची चिठ्ठी होतं. औषध लागू पडलं नाही की रोगी बदनाम. आधीच ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक काम: संध्याकाळी सुंदर वाटून घेणे.

आता मला लहानपणापासून माहीत असलेल्या संध्याकाळच्या आकाशाबद्दल बोलते. आमची द्राक्षबाग आहे. द्राक्षवाल्याच्या घरात संध्याकाळचं आकाश हा सौंदर्याचा विषय नसतो. ऑक्टोबरात फळछाटणी होते, त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात बाग फुलोऱ्यात येते, आणि त्या दिवसांत पश्चिमेला आभाळ उठलं की घराचा आवाज बदलतो. ढगाळ हवा आणि ओल म्हणजे डावणी. ती एकदा पानांवर आणि घडांवर बसली की वर्षाचा हिशोब गेला. मग रात्री ब्लोअर जोडून फवारणी. ज्या आकाशाचे आज लोक फोटो काढतात, मावळतीला ढगांच्या कडा पेटलेल्या, खाली जांभळा पट्टा, ते आकाश बघून अण्णांच्या कपाळावर आठी यायची. त्यांना ते कुरूप दिसत नव्हतं. एकदा मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, “देखणं हायच की. पण देखणं असून काय करतीस, रातच्याला उतरलं म्हंजी?”

आणि हे फक्त शेतकऱ्याचं नाही. आपल्या भाषेलाच हे माहीत आहे. संध्याकाळला आपण काय म्हणतो? कातरवेळ. तिन्हीसांजा. या वेळेला झोपू नये, कुणाला पैसे-मीठ देऊ नये, उंबऱ्यात बसू नये, लहान मूल उगाच किरकिरतं. परगावी असलेल्या माणसाची आठवण याच वेळेला येते. आजी सांगायची की या वेळी घरात अंधार ठेवू नये आणि भांडणही करू नये. मराठी घराने संध्याकाळ कधीच आयता दिलासा म्हणून घेतलेली नाही. ती जपून ओलांडायची वेळ होती, आणि ओलांडायची म्हणजे काहीतरी करायचं: हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, मुलांना शुभंकरोति म्हणायला बसवायचं, गुरं बांधायची. दिवेलागण हा शब्दच बघा, त्यात आकाश कुठेच नाही, हाताचं काम आहे. मला त्यातल्या देवधर्माचं प्रेम नाही. पण आमच्या आजीला त्या स्लाइडवाल्या बाईंपेक्षा संध्याकाळ जास्त कळत होती, एवढं मी लेखी द्यायला तयार आहे.

मग चित्रकार? त्यांना खरंच काही मिळत नव्हतं का? त्याच हिवाळ्यात एका रविवारी मी साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले. खरं कारण सांगायचं तर तिथे तिकीट नाही आणि आत हीटर चालू असतो. तिथे जॉन कॉन्स्टेबलची छोटी तैलचित्रं आहेत. बरीचशी त्याची मुलगी इझाबेल हिने १८८८ साली म्युझियमला देऊन टाकलेली. काही तर वहीच्या पानाएवढी, कागदावर रंगवलेली. झाड नाही, माणूस नाही, बऱ्याच ठिकाणी क्षितिजही नाही. फक्त ढग. मी तिथे जास्त वेळ थांबले ते चित्रांमुळे नाही, त्यांच्याबद्दल शेजारी लिहिलेल्या मजकुरामुळे. त्यात चित्रांच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते दिलं होतं.

मागे तारीख असते. वेळ असते. तोंड कुठल्या दिशेला होतं ते असतं, वारा कुठला आणि किती ते असतं. एका ढगांच्या चित्रामागे तर ‘सिरस’ एवढा एकच शब्द आहे. नंतर मी बाकीच्या संग्रहांतली चित्रंही शोधून पाहिली. रॉयल अकादमीकडे असलेल्या एका अभ्यासामागची नोंद सांगते: हॅम्पस्टेड, ११ सप्टेंबर १८२१, सकाळी १० ते ११, सूर्याच्या खालचं आकाश, उबदार पार्श्वभूमीवर चंदेरी करडे ढग, हवा कोंदट, नैर्ऋत्येकडचा हलका वारा, दिवसभर उघाड, पण त्या रात्री पाऊस.

शेवटचे शब्द पुन्हा वाचा. ‘त्या रात्री पाऊस.’ चित्र सकाळी अकराला संपलेलं आहे. म्हणजे तो माणूस रात्री किंवा दुसऱ्या दिवशी परत त्या कागदाकडे गेला, तो उलटा केला आणि पुढे काय झालं ते लिहिलं. मी ज्या धंद्यात आहे त्यात याला फार मान आहे, आणि हे करणारी माणसं फार थोडी आहेत. अंदाज सगळे बांधतात. निकाल काय लागला ते परत येऊन लिहिणारा शंभरात एक.

हा कॉन्स्टेबल कोण होता ते थोडक्यात सांगते, कारण ‘दिलासा’वाल्या लेखांत तो हवेतून उगवतो. जन्म १७७६, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं ईस्ट बर्गहोल्ट गाव. बाप धान्याचा व्यापारी आणि गिरणीवाला. पाणचक्की होती, पवनचक्की होती. चित्रकार व्हायची परवानगी मिळण्याआधी पोरगा बापाच्या पवनचक्कीवर कामाला होता. पवनचक्कीवाल्याने आकाश वाचलं नाही तर चक्की मोडते. वावटळ येते आहे हे वेळेत कळलं नाही तर पाती आवरायला उसंत मिळत नाही. म्हणजे ज्याचं नाव पुढे ढगांशी जोडलं गेलं त्याने ढग आधी आमच्या अण्णांच्या नजरेने पाहिले होते. हे मला कळलं तेव्हा मी म्युझियमच्या बाकावर बसून हसले. इतकं साधं कारण, आणि या दहा लेखांपैकी एकातही नाही.

मरिया बिकनेल हिच्यावर त्याचं प्रेम होतं. तिचे आजोबा गावचे धर्मोपदेशक, त्यांना गिरणीवाल्याचा पोरगा चालत नव्हता. सात वर्षं गेली. १८१६ साली लग्न झालं. या ताटातुटीच्या वर्षांत त्याने गावाकडच्या संध्याकाळी रंगवल्या, ‘ऑटम्नल सनसेट’ हे चित्र साधारण १८१२ सालचं. लग्नानंतर मरियाला क्षय निघाला. लंडनच्या धुरातून तिला बाहेर काढायला १८१९पासून तो उन्हाळ्यात हॅम्पस्टेडला घर भाड्याने घेऊ लागला. ते उंचावर होतं, हवा बरी होती. १८२१ साली तिथल्या बागेतली एक खोपटी त्याने रिकामी केली, तिच्यात वाळू, कोळसा आणि केरसुण्या ठेवत, आणि तिथे कामाची जागा केली. ढगांचे अभ्यास त्याने मुख्यतः १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत केले. १८२२च्या ऑक्टोबरात मित्राला कळवलं की सुमारे पन्नास झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इझाबेल जन्मली, चौथं अपत्य. बायको खोकते आहे, घरात चार लहान पोरं आहेत, चित्रांचे पैसे पुरत नाहीत, आणि हा माणूस उघड्यावर जाऊन तासाभरात एक आकाश रंगवतो. सकाळचं, दुपारचं, आणि हॅम्पस्टेडच्या माळावरून पश्चिमेला हॅरोच्या दिशेने सूर्य मावळताना संध्याकाळचंही.

इथे दिलासावाले लेखक लगेच म्हणतील: बघा, हेच तर आम्ही सांगतो! दुःखात होता म्हणून आकाशाकडे वळला. शिवाय त्यानेच तर मित्राला, रेव्हरंड जॉन फिशरला, १८२१च्या पत्रात कळवलंय की आकाश हे निसर्गचित्रातलं भावनेचं मुख्य इंद्रिय आहे.

कळवलंय, खरं आहे. पण त्या पत्रात तो अजून काय सांगतो तेही सांगा की. कुणीतरी त्याला सल्ला दिलेला असतो की आकाश म्हणजे वस्तूंच्या मागे धरलेली पांढरी चादर समज. तो सल्ला तो झिडकारतो. आकाश रंगवणं रचनेच्या आणि हाताळणीच्या दृष्टीने किती अवघड आहे ते सांगतो. म्हणजे हे एका कामकऱ्याचं पत्र आहे, दुसऱ्याला आपल्या कामातली अडचण समजावून देणारं. त्यातला भावनेचा एक तुकडा उचलायचा आणि अडचण टाकून द्यायची, याला मी चोरी म्हणते. माझ्या पाच दिवसांच्या डीबगिंगमधून शेवटी बदललेली एक ओळ उचलून कुणी म्हणालं ‘बघा, तिला सुचलं’, तर मला जसं वाटेल तसं.

कॉन्स्टेबल वाचतही होता. ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या एका औषध बनवणाऱ्या रसायनज्ञाने १८०२ साली एका व्याख्यानात ढगांना नावं दिली: सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस. आजही तीच चालतात. ही वर्गवारी ज्या पुस्तकात समजावून दिली होती ते थॉमस फॉर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक कॉन्स्टेबलकडे होतं आणि त्याच्या समासांत त्याच्या हाताच्या नोंदी आहेत, कुठे सहमती, कुठे वाद. १८३६ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भाषण करताना त्याने मुद्दा मांडला की निसर्गचित्रण ही विज्ञानाची शाखा का मानू नये, आणि चित्रं हे त्यातले प्रयोग का मानू नयेत. आपल्याकडे हे वाक्य उद्धृत करायला फारसं कुणी उत्सुक नसतं. ते दिव्याखाली वाचायला गोड लागत नाही. जॉन थॉर्न्स या हवामान-अभ्यासकाने तर कॉन्स्टेबलची आकाशं त्या काळच्या हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. असं ताडता येतं, कारण चित्रकाराने नीट पाहिलेलं आहे.

मग त्याला दिलासा मिळाला की नाही? मला माहीत नाही, आणि तो माणूस स्वतः तसं म्हणत नसेल तर त्याच्या वतीने म्हणणारी मी कोण? माझा अंदाज मात्र आहे, आणि तो असा. आत बायको खोकत असताना बाहेर एक तास ज्या माणसाला फक्त एवढंच ठरवायचं आहे की हा करडा त्या करड्यापेक्षा उबदार आहे की थंड, त्याला तो एक तास तेवढ्यापुरता सुटत असेल. आकाश सुंदर होतं म्हणून नाही. ते अवघड होतं आणि थांबत नव्हतं म्हणून. ढग दहा मिनिटांत बदलतो. हाताला थांबता येत नाही. ते आकाश घाणेरडं असतं, पावसाळी आणि चिखलाच्या रंगाचं, तरी तो तास तसाच गेला असता. त्याने रंगवलेली कितीतरी आकाशं मुळी देखणी नाहीतच.

आकाशातच जर दिलासा असता तर एडवर्ड मुंकला तो का मिळाला नाही? त्याने १८९२च्या जानेवारीत नीस इथे लिहिलेली नोंद प्रसिद्ध आहे. दोन मित्रांबरोबर तो रस्त्याने चालला होता, सूर्य मावळला, आकाश रक्तासारखं लाल झालं, मित्र पुढे गेले आणि तो भीतीने थरथरत जागीच उभा राहिला. निसर्गातून एक प्रचंड किंकाळी जात असल्यासारखं त्याला वाटलं. पुढच्या वर्षी ‘द स्क्रीम’. मित्रांना तेच आकाश दिसलं आणि ते चालत राहिले. एकाच सूर्यास्तात एकाला किंकाळी, बाकी दोघांना घरी जायची वेळ. त्या स्लाइडवर मुंकचं चित्र लावायला हवं होतं. संध्याकाळी आकाशाकडे पाच मिनिटं बघा, आणि मग हे बघा.

दुसरं उदाहरण विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्टचं. हा फारसा प्रसिद्ध नाही, पण संध्याकाळच्या आकाशाचा याच्याइतका पाठलाग क्वचितच कुणी केला असेल. लंडनमध्ये चेल्सीला थेम्सच्या काठी तो १८८३च्या हिवाळ्यापासून मावळतीची पेस्टल चित्रं काढू लागला. एकेका संध्याकाळी काही मिनिटांच्या अंतराने अनेक. अशी पाचशेहून जास्त. त्या हिवाळ्यात आकाश सूर्यास्तानंतरही बराच वेळ पेटलेलं राहत असे. अमेरिकेत काही गावांत आग लागली समजून बंब बाहेर काढले होते. त्याचं कारण तिकडे हजारो मैलांवर होतं: २७ ऑगस्ट १८८३ला सुंदा सामुद्रधुनीत क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला, लाटांनी जावा-सुमात्राचे किनारे धुतले, छत्तीस हजारांवर माणसं मेली. त्याचा वायू आणि बारीक धूळ वरच्या वातावरणात पसरून पृथ्वीभर फिरली. त्या सप्टेंबरात मद्रासकडे लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. रॉयल सोसायटीने १८८८ साली या उद्रेकावर जाडजूड अहवाल काढला, त्यात सुरुवातीलाच अ‍ॅस्क्रॉफ्टची चित्रं छापली आहेत. शास्त्रज्ञांना ती उपयोगी पडली, कारण त्याने वेळा टिपल्या होत्या. ती चित्रं बघून कुणाला शांत वाटत असेल तर वाटू दे. माझं म्हणणं एवढंच, की त्या गुलाबी रंगात काय मिसळलंय हे माहीत असूनही वाटतं का ते एकदा तपासून पाहावं.

“म्हणजे तुम्हा इंजिनियर लोकांना सगळं समजावून सांगून सौंदर्य मारायचंच असतं,” हे मला एका मित्राने ऐकवलंय. कविता करतो, चांगल्या करतो. त्याला मी विचारलं, की पुण्यात सगळ्यांत स्वच्छ रंगांचे सूर्यास्त कधी दिसतात? तो म्हणाला, हिवाळ्यात, प्रदूषणामुळे रंग चढतात. हे सगळेच म्हणतात आणि ते चूक आहे. सूर्य खाली आला की उजेडाला हवेतून कितीतरी लांब वाट काढावी लागते, वाटेत हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, उरतो तो तांबडा-केशरी. त्याला मोठाले धूलिकण लागत नाहीत. उलट जमिनीलगतचा धूर आणि धूळ रंगांना मळवून टाकतात. पाऊस धुऊन गेल्यावरच्या ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी टेकडीवरून बघ म्हटलं, आणि जानेवारीत परत बघ. त्याने बघितलं. आता तो कवितेत काय करतो ते त्याचं तो बघेल, पण निदान तो दोनदा टेकडी चढला. हे मी सौंदर्य मारलं असं मला वाटत नाही.

एक मात्र मान्य करते. नुसतं बघूनही काही माणसांना बरं वाटतं. आईला वाटायचं. अण्णा आत झोपलेले असताना ती ओट्यावर यायची, दोन मिनिटं पश्चिमेला बघायची आणि आत जायची. ते तिचं होतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि नंतर एक ते पाच आकडे विचारले नव्हते. माझा वाद तिच्याशी नाही. माझा वाद ती दोन मिनिटं बाटलीत भरून विकणाऱ्यांशी आहे, आणि त्या बाटलीवर लावायला चित्रकाराचं लेबल पुरवणाऱ्या आपल्याशी, म्हणजे लिहिणाऱ्यांशी आहे.

कॉन्स्टेबलची गोष्ट त्या लेखांत नेहमी १८२२लाच थांबते, हेही ध्यानात घ्या. पुढे तो मरियाला समुद्राच्या हवेसाठी ब्रायटनला नेतो. आणखी तीन मुलं होतात. २३ नोव्हेंबर १८२८ला मरिया जाते, सात मुलं मागे ठेवून. त्यानंतर तो भावाला कळवतो की जगाचा चेहराच माझ्यासाठी पुरता बदलून गेला आहे. उरलेलं आयुष्य त्याने काळे कपडे घातले असं सांगतात. पुढच्याच वर्षी ‘हॅडली कासल’ रंगवलं: पडका किल्ला, समुद्र, आणि वर फाटलेलं, वादळ सरत असलेलं आकाश. ज्याने पन्नास आकाशं मोजून पाहिली होती त्याच्या मदतीला त्यांतलं एकही आलं नाही. आलं असतं तर मला त्याच्याबद्दल जरा संशयच वाटला असता. पण आकाश रंगवायचं कसं हे त्याला येत होतं. तेवढं त्याच्या हातात राहिलं होतं.

लंडनला असताना, म्युझियममधून आल्यावर, मी एक साधी टेक्स्ट फाइल केली. तारीख, वेळ, तोंड कुठे, वारा, ढग. मला चित्र काढता येत नाही, म्हणून शब्दांत. रोज अण्णांना फोन करताना ती वाचून दाखवायचे. त्यांना तब्येतीबद्दल बोलायचा कंटाळा होता. आकाशाबद्दल बोलायला ते कायम तयार. “वाईच थांब,” म्हणायचे, “वारं कुठनं हाय म्हनलीस?” मग तिकडून त्यांचा अंदाज. लंडनच्या पावसाबद्दल तासगावच्या खाटेवरून केलेले त्यांचे अंदाज बरेचदा चुकायचे, आणि चुकले की मी दुसऱ्या दिवशी फाइलीत लिहायचे आणि त्यांना सांगायचे. ते खूश व्हायचे. तेवढ्या दहा मिनिटांत आम्ही दोघंही मशीनबद्दल बोलत नव्हतो.

अण्णा गेल्या वर्षी मार्चमध्ये गेले. मी तेव्हा पुण्यात होते, पोचले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. संध्याकाळी अंगणात माणसं बसली होती. कुणीतरी वर बघून म्हणालं, आता अण्णा तिथनं बघत असतील. मी उठून आत जाणार होते, तेवढ्यात भाऊ शेडकडून पळत आला. पश्चिमेला आभाळ उठलं होतं. लाल होतं, कडा पेटलेल्या, खाली काळं. शेडमध्ये बेदाणा टाकलेला होता, बाजू सगळ्या उघड्या. बसलेली सगळी माणसं उठली. काका, चुलतभाऊ, शेजारचे, आईसुद्धा. आम्ही शेडच्या बाजूंना कागद सोडले, ताडपत्र्या बांधल्या, वरच्या मजल्याला मी चढले कारण माझं वजन कमी. दोऱ्या आवळून झाल्या तेव्हा साडेसात वाजले होते. अंधारात हात धुतले. त्या रात्री पाऊस आला नाही. ते मी दुसऱ्या दिवशी फाइलीत लिहिलं.